दिवसाचं शेवटचं गिऱ्हाईक

आमच्या ह्यांनी ‘मान खाली’ म्हटलं की भल्याभल्यांची मान खाली जाते. फौजदार असो, वकील असो, नाहीतर उद्या लग्नाला उभा राहणारा नवरदेव असो, त्या खुर्चीत बसला की तो ह्यांचं ऐकतो. घरी ह्यांचं फारसं कोणी ऐकत नाही, त्यामुळे अधिकार गाजवायची हौस ते दुकानातच भागवून येतात. दुकान म्हणजे दोन खुर्च्या, दोन आरसे, भिंतीलगत एक बाक आणि दाराला टांगलेली घंटी. एका खुर्चीपाशी हे, दुसरीपाशी माझे दीर. गिऱ्हाइकं ह्यांना मोठे म्हणतात आणि भाऊजींना धाकटे. दोघांची खरी नावं निम्म्या गल्लीला सांगता यायची नाहीत.

ह्या धंद्यात माझा वाटा टॉवेलांचा. दिवसाचे मळलेले टॉवेल पिशवीतून घरी येतात, मी ते उकळत्या पाण्यात धुते, वाळवते आणि घड्या घालून सकाळी परत पाठवते. दुकानात काय चाललंय हे मला टॉवेलांवरून कळतं. कलप लावणारे वाढलेत की कमी झालेत, पोरांना कसला जेल आवडतोय, सगळं. पण ह्यांच्या टॉवेलावर रक्ताचा ठिपका मला कधी दिसला नव्हता. मग एकदा दिसला. मी म्हटलं, असेल कुणाच्या तोंडावर पुरळ. पुढच्या आठवड्यात आणखी दिसले. तेव्हा मी पिशवी खाली ठेवली आणि ह्यांना सरळ विचारलं, “हाताला काय झालंय?”

“कुठं काय,” म्हणून त्यांनी हात मागे घेतला. उजवाच.

काय झालं होतं ते काढून घेताना माझ्या नाकी नऊ आले. मानेतून निघालेली कळ खांद्यावरून उतरून पार बोटांपर्यंत जात होती. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर व्हायची. कात्री एकवेळ चालायची, पण वस्तरा हातात आहे की नाही हे बघून खात्री करावी लागायची. जन्मभर वाकून दुसऱ्याच्या मानेकडे बघणाऱ्या माणसाची स्वतःची मानच कामातून गेली. मला आधी राग आला, कारण त्यांनी लपवलं होतं. भीती नंतर वाटली, रात्रीची भांडी घासताना. आमच्या घरात दुसरं कसलंही कसब नाही. तो हात गेला तर खायचं काय?

इथे दुकानातली एक रीत सांगायला हवी. ती माझ्या सासऱ्यांनी घातली. संध्याकाळी पाटी फिरवली, शटर अर्धं खाली ओढलं, की न्हावी स्वतः गिऱ्हाईक होतो. सासरे म्हणायचे, “दिवसभर लोकांचं केलं, आता आपलं.” आळीपाळीने एकमेकांना खुर्चीत बसवायचं, दाढी करायची, गरम टॉवेल मानेवर ठेवायचा, खांदे दाबायचे आणि शेवटी एक हात हनुवटीखाली, एक डोक्यामागे धरून मान मोडायची. कट्ट. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. त्यात भाऊजींचा हात असा, की लांबून लांबून माणसं नुसती मान मोडून घ्यायला यायची. एक टायपिंगचे मास्तर आहेत, त्यांना टक्कल पडून जमाना झाला, तरी ते दर आठवड्याला येतात. काय कापायचं विचारलं तर म्हणतात, “कापायचं राहू द्या, धाकट्यांना मोकळं करायला सांगा.”

सासरे गेल्यावर शेवटचं गिऱ्हाईक व्हायला दोघंच भाऊ उरले. तसे दोघेही अबोल. भाऊजींनी लग्न केलं नाही, वरच्या खोलीत राहतात, जेवायला आमच्यात असतात. ताटावर दोघांचं बोलणं म्हणजे मीठ इकडे दे, एवढंच. जी काही माया होती ती त्या खुर्चीत चालायची, आणि मी तिला हसायचे. म्हणायचे, “बायकोनं खांद्याला हात लावला तर अंग चोरता, आणि भावाकडून मान मोडून घेता.”

आमच्या मुलीने कुठून तरी कायरोप्रॅक्टर बाईंचं नाव काढलं. मणके, सांधे, स्नायू हाताने तपासून मोकळे करणाऱ्या. हे म्हणाले, “म्हणजे आमचाच धंदा की, फक्त पांढरा कोट घालून.” पण गेले. मीच ओढत नेलं म्हणा.

बाई तरण्या होत्या, हात मात्र खडकासारखे. त्यांनी ह्यांना चालायला लावलं, हात वर करायला लावला, बोटांत बोटं अडकवून ओढायला लावलं. उजव्या हाताची पकड कमी लागली तशी त्यांनी हात पुसले आणि म्हणाल्या, “आधी हाडांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, मग मी हात लावीन.” तपासण्या झाल्या. मानेच्या खालच्या मणक्यांत एक शीर दबली होती. ऑपरेशन लगेच नको, पण जपायला हवं, असं ठरलं. मग बाईंनी काम सुरू केलं. पाठीचा वरचा भाग, खांद्याची पाती, दंड, सगळं हळूहळू सैल करायच्या. खुर्ची उंच करा, स्वतः वाकण्याऐवजी गिऱ्हाइकाला वर घ्या, हे त्यांनीच सांगितलं. आणि एक गोष्ट बजावून सांगितली.

“मानेला झटका नाही. मी देणार नाही, दुसऱ्या कुणालाही देऊ द्यायचा नाही. तुमच्या दुकानात मान मोडतात ना? ते बंद करा. गिऱ्हाइकांचंसुद्धा. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मानेतूनच जातात. झटक्याने त्यातली एखादी फाटू शकते. क्वचित होतं, पण झालं तर माणसाला चक्कर येते, उलटी होते, अर्धं अंग जातं.”

त्यावर हे एकदम गप्प झाले. मला वाटलं, घाबरले.

खाण्याचं खातं माझ्याकडे आलं. बाईंनी सांगितलं होतं, “खाणं म्हणजे काही औषध नव्हे, हात खाण्याने बरा होणार नाही. पण अंगात सूज धुमसत ठेवणारं खाणं कमी केलं तर शरीराला मदतच होते.” झालं, मी कंबर कसली. दुकानात दिवसभर साखरेचा चहा ढोसायचे, तो बंद. तळलेलं बंद, बेकरीतली बिस्किटं बंद. त्याऐवजी मासे, हिरव्या पालेभाज्या, आक्रोड, जवस, आलं, हळद. दोन्ही भाऊ ताटाकडे असे बघायचे, जसं काही मी शिक्षा सुनावली आहे. भाऊजींना तर काहीच झालं नव्हतं, तरी त्यांनी निमूटपणे जवस चावले. एकदा मात्र हळूच म्हणाले, “वहिनी, हळद उरली असेल तर थोडी लेपाला द्या.” अंगठा पुढे केला. सांध्याशी चांगलाच सुजला होता.

“कात्रीनं?” मी विचारलं.

“कात्रीनंच असेल,” ते म्हणाले.

मी लेप लावून दिला आणि म्हटलं, आता घरातल्या सगळ्यांच्या हाडांचं एक दुकान काढावं.

महिने गेले. खांदा सैल झाला, झोप सुधारली, पाठ सरळ झाली. बोटं मात्र तशीच. बाई दर वेळी हात तपासायच्या आणि कपाळाला आठी घालायच्या. एके दिवशी त्यांनी विचारलं, “खरं सांगा, मान कोणी फिरवतं का?”

“नाही,” हे म्हणाले.

आमचे हे खोटं बोलले की त्यांचे कान लाल होतात. लग्न ठरवायला आले तेव्हा कमाई सांगताना झाले होते, तेव्हापासून मला माहीत आहे. त्या दिवशी बाईंच्या खोलीत ते पुन्हा लाल झाले.

संध्याकाळी मी टॉवेल आणायच्या निमित्ताने दुकानाकडे गेले. शटर अर्धं खाली होतं. वाकून बघितलं तर हे खुर्चीत, डोळे घट्ट मिटलेले, खुर्चीच्या दांड्या पकडलेल्या. मागे भाऊजी. एक हात हनुवटीखाली, एक डोक्यामागे. कट्ट. मग दुसऱ्या बाजूला, कट्ट. मी आत न जाता तशीच परत फिरले. आत गेले असते तर हातात येईल ते फेकून मारलं असतं.

घरी आल्यावर ह्यांना मागच्या खोलीत घेतलं आणि दार लावलं. माझ्या तोंडाला येईल ते बोलले. सकाळी बाई बसवतात आणि संध्याकाळी भाऊ मोडतो, म्हणजे मी काय आक्रोड उकिरड्यावर टाकायचे? एका वाक्याचं काम आहे, ‘उद्यापासून मान नको’, एवढं तोंडातून निघत नाही?

हे खाली बघत बसले होते. मग म्हणाले, “त्याला काय सांगू? का नको म्हणून सांगू?”

“डॉक्टर नको म्हणतात म्हणून.”

“तो विचारेल, का नको म्हणतात.”

“मग सांगा, शीर दबते, रक्तवाहिनी फाटते, चक्कर येते…”

“आणि उलटी होते,” हे म्हणाले, “आणि अर्धं अंग जातं.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सासरे तसेच गेले होते. संध्याकाळी खुर्चीतून उठले आणि म्हणाले, गरगरतंय. बाकावर बसले तर उलटी झाली. सकाळपर्यंत डावी बाजू गेली आणि मग हॉस्पिटलातून परत आलेच नाहीत. रक्तदाब होताच त्यांना, त्यामुळे कुणाला वेगळं काही वाटलं नाही. त्या दिवशीही ते शेवटचं गिऱ्हाईक झाले होते. मान भाऊजींनीच मोडली होती.

“मी केर काढत होतो,” हे म्हणाले. “आवाज मी ऐकला. बाई बोलायला लागल्या आणि तोच आवाज पुन्हा कानात आला. त्याला हे कळलं तर तो जगेल का? तू कुणाला सांगायचं नाहीस. हात गेला तर जाऊ दे.”

मी कबूल झाले. काय करणार होते? पण तेव्हापासून माझं जेवणावरचं लक्ष उडालं. भाऊजी ताटावर बसले की मला त्यांचे हात दिसायचे. मला त्यांचा राग यायचा, आणि राग आल्याची लाज वाटायची. आपल्या बापावर त्या माणसाचा किती जीव होता हे मी बघितलेलं होतं.

एकदा न राहवून मी एकटीच बाईंकडे गेले आणि माणसाचं नाव न घेता सगळं विचारलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, “वयस्कर माणूस, रक्तदाब. कशानेही होऊ शकलं असतं. झटक्यामुळे झालं असंही असेल, नसेलही. हे आता कुणीच सांगू शकणार नाही.” मला वाटलं होतं, त्या ‘नाही’ तरी म्हणतील नाहीतर ‘हो’ तरी.

पुढे जे व्हायचं ते झालंच. टायपिंगच्या मास्तरांची दाढी चालली असताना ह्यांच्या हातातून वस्तरा सुटला. कानाच्या पाळीला लागला. मास्तर भले माणूस, म्हणाले, “पाळीच आहे, ऐकू तर येतंय ना अजून.” भाऊजींनी तुरटी दाबली, कापूस लावला, मास्तरांना घरी पोचवलं. तो टॉवेल माझ्याकडे आला. ठिपका नव्हता, चांगला हाताएवढा डाग होता. मी तो गार पाण्यात बुडवला आणि पाणी लाल होताना बघत उभी राहिले. तिथेच ठरवलं, दिलेला शब्द मोडायचा. एक भाऊ जगावा म्हणून दुसऱ्याने हात घालवायचा, हे मला मंजूर नव्हतं.

दिवेलागणीला मी दुकानात गेले. ह्या वेळी शटरखालून वाकून सरळ आत. दोघांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. ह्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलेलं होतं, दाढी झालेली होती, भाऊजी खांदे दाबत होते.

“वहिनी, टॉवेल मीच आणले असते,” भाऊजी म्हणाले.

“तुमचं चालू द्या,” मी म्हटलं, आणि खुर्चीच्या अगदी मागे जाऊन उभी राहिले. ह्यांनी आरशातून डोळ्यांनी मला विनवलं. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. मग त्यांनी डोळे मिटून घेतले.

वाक्य मी मनात जुळवून आणलं होतं. भाऊजींनी एक हात हनुवटीखाली घातला, एक डोक्यामागे. आता बोलायचं, असं मी स्वतःला सांगितलं. आणि तेवढ्या जवळून मला जे दिसलं त्यानं मी ते वाक्यच विसरले. भाऊजींनी ह्यांची मान वळवली, पण अगदी हलके, झोपलेल्या बाळाची कूस बदलतात तशी. जिथे झटका द्यायचा तिथे ते थांबले. डोक्यामागचा हात कानाशी आला, अंगठा आत मुडपला गेला, बोटांनी त्याच्यावर दाब दिला. कट्ट. आवाज अंगठ्याचा होता. त्या वेळी मान जराही हलली नव्हती.

दुसऱ्या बाजूला वळवून त्यांनी पुन्हा तेच केलं. ह्या वेळी अंगठा मोडताना त्यांचा ओठ दाताखाली गेला.

माझ्या तोंडून दुसरंच निघालं. मी म्हटलं, “भाऊजी, अंगठा दुखत नाही का तुमचा?”

ते जागच्या जागी थिजले. हात ह्यांच्या खांद्यावर तसेच राहिले. मग म्हणाले, “दुखतो.”

“सगळ्यांना असंच करता? मास्तरांना पण?”

“सगळ्यांना. लोकांना आवाज लागतो वहिनी. आवाज झाला की त्यांना मोकळं वाटतं.”

“कधीपासून?”

ह्यांनी डोळे उघडले. भाऊजी आरशात बघत नव्हते, हातातला टॉवेल उगाच झटकत होते.

“बाबा गेल्यापासून,” ते म्हणाले. “हॉस्पिटलात दादा कागदपत्रं करायला खाली गेला होता. तिथल्या डॉक्टरनं मला विचारलं, मानेला काही झटका-बिटका बसला होता का? मी नाही म्हटलं.”



“मग मान मोडायची बंद का नाही केलीस?” ह्यांनी विचारलं. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

“बंद केली असती तर तू विचारलं असतंस, का म्हणून.” मग भाऊजींनी वर बघितलं. “तुला कधी कळलं?”

“त्या बाईंकडे गेलो तेव्हा.”

“तेव्हापासून रोज बसतोयस? मी झटका देतो असं समजून?”

ह्यांनी मान डोलावली.

“दादा, का बसत होतास?”

“तू बोलवायचास,” हे म्हणाले.

मी बाकावर बसले. मला दोघांनाही बडवून काढावंसं वाटत होतं, आणि रडूही येत होतं. इतकी वर्षं एकाच ताटलीतलं मीठ घेणारी ही माणसं. आणि ह्या सगळ्याचं खापर ज्याच्यावर फोडावं असं मी ठरवून आले होते, त्यानं ह्यांच्या मानेला धक्कासुद्धा लावला नव्हता. मग बोटं का सुधारत नव्हती? त्याचं कारण आता कुणापाशीच नव्हतं. कदाचित ती सुधारणारच नव्हती. हे माझ्या मनात आलं तसं ह्यांच्याही आलं असणार, कारण ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते.

भाऊजींनी कापडाची गाठ सोडायला हात पुढे केला.

“थांब,” हे म्हणाले. “मान पुसायची राहिलीय.”

भाऊजींनी टॉवेल गरम पाण्यात बुडवून पिळला. पिळताना अंगठा दुखला असावा, ते क्षणभर थांबले. मी उठून त्यांच्या हातातून टॉवेल घेतला, मीच पिळला आणि परत त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो भावाच्या मानेभोवती ठेवला, वरून दोन्ही तळवे टेकवले आणि तसेच उभे राहिले. त्या संध्याकाळी दुकानात ‘कट्ट’ असा आवाज पुन्हा झाला नाही.